नारळीकरांचे पुरस्कार : कोणत्या सन्मानाने नेमकं काय गौरवलं?

पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा परिचय असतो आणि त्या परिचयाच्या शेवटी पुरस्कारांची एक ओळ असते. आपण सगळेच ती ओळ वाचतो आणि लगेच विसरतो. आज आपण तीच ओळ सावकाश वाचणार आहोत. लेखक आहेत डॉ. जयंत विष्णु नारळीकर. मराठीत ‘विज्ञानकथा’ म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते त्यांचंच.

आधी यादी पाहू. केंब्रिजचं स्मिथ पारितोषिक, 1962. पद्मभूषण, 1965. केंब्रिजचंच अ‍ॅडम्स पारितोषिक, 1967. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, 1978. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, 1996. पद्मविभूषण, 2004. 2010 सालचा महाराष्ट्र भूषण. साहित्य अकादमी पुरस्कार, 2014. आणि 2021 मध्ये नाशिकच्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. यादी याहून मोठी आहे, पण आपल्या कामापुरती एवढी पुरे.

आता आम्ही या व्याख्यानाची तयारी करताना एक साधा खेळ केला. प्रत्येक पुरस्कारासमोर दोन प्रश्न लिहिले. हा कशासाठी दिला? आणि देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव ठाऊक होतं का? उत्तरं मांडत गेलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. नारळीकरांची सर्वदूर ओळख विज्ञानकथाकार म्हणून, पण या मोठ्या यादीत निव्वळ विज्ञानकथेसाठी दिलेला सन्मान शोधावा लागतो. तो सापडतो, पण या यादीच्या बाहेर, एका जुन्या कथास्पर्धेत. तिकडे आपण येऊच.

आधी विज्ञानाचे सन्मान पाहू. नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. बनारसला पदवी घेऊन जयंतराव केंब्रिजला गेले आणि तिथे फ्रेड हॉएल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केलं. 1964 मध्ये गुरु-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा सोप्या भाषेत सांगायचा तर असा : एखाद्या कणाचं वस्तुमान ही त्या कणाची एकट्याची मालमत्ता नाही, विश्वातल्या बाकीच्या सगळ्या पदार्थाशी असलेल्या नात्यातून ते ठरतं. उरलेलं विश्व काढून टाकलं, तर त्या कणाला वस्तुमानच उरणार नाही. या सिद्धांताचा गाजावाजा विलायतेतल्या वर्तमानपत्रांत झाला, तसाच भारतातही झाला. पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय होतं 26.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. 1965 मध्ये नारळीकरांनी एकही विज्ञानकथा लिहिलेली नव्हती. म्हणजे पद्मभूषण हा संशोधकाचा सन्मान. स्मिथ, अ‍ॅडम्स ही केंब्रिजची गणिताच्या क्षेत्रातली पारितोषिकं. भटनागर पुरस्कार भारतातल्या तरुण वैज्ञानिकांसाठी, पंचेचाळिशीच्या आतला. 2004 चं पद्मविभूषणही विज्ञान या विभागातलंच. तोवर त्यांनी 1988 पासून पुण्यात ‘आयुका’ उभी केली होती, देशभरातल्या विद्यापीठांतल्या संशोधकांना खगोलशास्त्राची दारं उघडून दिली होती. यात कथेचा संबंध नाही, आणि तसा तो असायलाच हवा असंही नाही.

आता कलिंग पुरस्कार. हा थोडा वेगळा. नाव कलिंग, कारण यासाठीची देणगी ओडिशाच्या बिजू पटनाईक यांनी दिली. युनेस्को हा पुरस्कार देते तो विज्ञानाचा प्रसार करणाऱ्यांना. या पुरस्काराच्या मानकऱ्यांत विज्ञानकथाकार बरेच भेटतात. 1961 मध्ये आर्थर सी. क्लार्क. 1967 मध्ये स्वतः फ्रेड हॉएल. हॉएल यांनीही कादंबऱ्या लिहिल्या होत्या बरं का, ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची 1957 ची कादंबरी आजही वाचली जाते. आणि 1996 मध्ये नारळीकर. म्हणजे गुरूनंतर 29 वर्षांनी शिष्याला तोच सन्मान. पण इथेही प्रश्न विचारायलाच हवा. हा पुरस्कार कथेकडे कसा पाहतो? लेख, भाषणं, दूरदर्शनवरचे कार्यक्रम आणि कथा, सगळं एकाच तागडीत. कथेमुळे विज्ञान लोकांपर्यंत पोहोचलं का, हा त्याचा प्रश्न. कथा म्हणून ती कशी उतरली, हा प्रश्न तो विचारत नाही.

मग हा प्रश्न कुणी विचारला? त्यासाठी 1974 सालात जाऊ या.

नारळीकर 1972 मध्ये भारतात परतले होते, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. मराठी विज्ञान परिषद तेव्हा विज्ञानरंजन कथांची स्पर्धा घेत असे. एका परिसंवादात एक व्याख्यान फारच कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा टिपणं घेतल्यासारखं दाखवत त्यांनी कथा लिहायला सुरुवात केली, अशी ही हकीकत आहे. (व्याख्यात्यांनी यातून काय बोध घ्यायचा ते आम्ही घेतला आहे!) कथेचं नाव ‘कृष्णविवर’. ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही अशी ती जागा. इंग्रजीतसुद्धा ‘ब्लॅक होल’ हे नाव रूढ व्हायला तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. मराठी वाचकाला ही कल्पना अगदी कोरी होती.

कथा तयार झाली, पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षकांवर नावाचं दडपण येणार. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाची कथा नापसंत कोण करणार? म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं : नारायण विनायक जगताप. आता आद्याक्षरं बघा. ज. वि. ना. हे उलटे वाचा, ना. वि. ज. होतात. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून हस्तलिखितही पत्नी मंगला नारळीकर यांच्या अक्षरात पाठवलं. आणि या कुणा अनोळखी जगतापांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा मुद्दा इथे आहे. ‘देणाऱ्याला नाव ठाऊक होतं का’ या प्रश्नासमोर ‘नाही’ हे उत्तर आम्हाला याच एका ठिकाणी लिहिता आलं. परीक्षकांसमोर केंब्रिज नव्हतं, पद्मभूषण नव्हतं. होती फक्त कथा. सन्मान म्हणून हे बक्षीस अगदी लहान, मलपृष्ठावरच्या ओळीत त्याला जागाही मिळत नाही. पण कथाकार म्हणून ज्याला कौल म्हणता येईल असा हा कौल होता.

पुढे काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण चित्र इतकं सरळ नाही. जगताप म्हणजे नारळीकर हे कळल्यावर ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडे आणखी कथा मागितल्या. 1975 च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी भाषणात या नव्या प्रवाहाची दखल घेतली. आता विचार करा, जगताप हे खरोखरच कुणी जगताप असते, एखाद्या तालुक्याच्या गावचे शिक्षक असते, तर हे सगळं इतक्या लवकर घडलं असतं का? आम्हाला शंका आहे. म्हणजे नावाचं वजन बाजूला ठेवून बक्षीस मिळालं, पण दारं भराभर उघडली ती नावामुळेच. आणि त्या दारातून एकटे नारळीकर आत आले नाहीत. निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर असे कितीतरी लेखक त्या काळात विज्ञानकथा लिहीत होते. दिवाळी अंकांत विज्ञानकथेला हक्काची जागा मिळाली, त्यात नारळीकरांच्या नावाचा वाटा नाकारता येणार नाही.

‘यक्षांची देणगी’ या त्यांच्या कथासंग्रहाला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेच्या पुस्तकाला मिळालेला हा थेट सन्मान, तो आपल्या रकान्यात नोंदवून ठेवू. पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशा कादंबऱ्या आल्या. वाचकांनी त्या आवडीने वाचल्या.

आणि मग येतो 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार. साहित्यातला देशपातळीवरचा मोठा मान. पण कोणत्या पुस्तकाला? ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. पुस्तक उत्तम आहे, पुरस्कार योग्यच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अकादमीचा पुरस्कार एका विशिष्ट पुस्तकाला असतो, आणि मराठीतल्या सर्वांत नावाजलेल्या विज्ञानकथाकाराला तो मिळाला तेव्हा ते पुस्तक विज्ञानकथेचं नव्हतं, एवढं नोंदवायला हवं.

इंग्रजीत याबाबतीत वेगळी सोय आहे. ह्युगो पुरस्कार 1953 पासून दिला जातो, त्यासाठी जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, मतदान करतात. नेब्युला पुरस्काराचं मतदान विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचे सभासद करतात. एक वाचकांचा कौल, एक सहकाऱ्यांचा. दोन्ही ठिकाणी तपासली जाते ती कथाच. नावाचा प्रभाव तिथेही पडत असेल, माणसं शेवटी माणसंच. पण प्रश्न तरी बरोबर विचारला जातो.

मग नाशिकच्या अध्यक्षपदाचं काय? ते कोणत्या रकान्यात टाकायचं? डिसेंबर 2021 मध्ये संमेलन भरलं, प्रकृतीमुळे नारळीकरांना प्रत्यक्ष हजर राहता आलं नाही. पण कवी, कादंबरीकार, समीक्षक यांच्या त्या परंपरेत एका विज्ञानकथाकाराचं नाव लागलं. कराडच्या व्यासपीठावरून ज्या प्रवाहाचा उल्लेख झाला, तो 46 वर्षांनी अध्यक्षपदापर्यंत आला. हा सन्मान आम्ही व्यक्तीचा आणि साहित्यप्रकाराचा असा अर्धा-अर्धा धरतो.

शेवटी एक सन्मान, जो कुठल्याच यादीत नसतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर, या एका ‘तर’वर ती उभी आहे. तिचं इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात घेतलं गेलं. म्हणजे मणिपूरच्या किंवा केरळच्या शाळेतली मुलगीही प्राध्यापक गायतोंड्यांबरोबर एका वेगळ्याच मुंबईत उतरू शकते. तिला लेखकाचं पद्मविभूषण ठाऊक असेलच असं नाही. परीक्षेची धास्ती बाजूला ठेवली, तर तिच्यासमोर असते ती फक्त गोष्ट. जगतापांच्या परीक्षकांसमोर होती तशीच.

20 मे 2025 रोजी पुण्यात नारळीकर गेले. श्रद्धांजलीच्या मजकुरांत पुन्हा तीच पुरस्कारांची ओळ आली, आणि ती यायलाच हवी. आमचं म्हणणं एवढंच, की आज कुणी नवा मुलगा किंवा मुलगी विज्ञानकथा लिहीत असेल, तर त्यांच्या पाठीशी केंब्रिज नसणार. त्यांना लागणार आहेत ते 1974 सारखे परीक्षक, नाव झाकून कथा वाचणारे. दिवाळी अंक हातात घेतलात की एखादी अनोळखी नावाची विज्ञानकथा आधी वाचा. आवडली तर संपादकांना दोन ओळी कळवा. तेवढा पुरस्कार आपल्या प्रत्येकाला देता येतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.