जुन्या इंजिनाला नवा भाग बसतो कसा?

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. मिरचीच्या बाजारपेठेमुळे ते तुम्हाला ठाऊक असेल. अशा गावांत, आणि भोवतालच्या खेड्यांत, एखाद्या आबांच्या खळ्यात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक जुनी मोटारसायकल उभी असलेली अजूनही आढळते. कधी ती राजदूत असते, कधी बुलेट, तर कधी जावा किंवा येझदी. नातवाला वाटते, ही पुन्हा चालू करावी. आबा म्हणतात, "सुटे भाग कुठले मिळतात आता?"

आबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली गाड्या बनू लागल्या आणि १९९६ साली तो बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव भारतात पुन्हा आले खरे. पण ते इंजिन चार फेरांचे आणि पाण्याने थंड होणारे आहे. त्याचे भाग जुन्या दोन फेरांच्या इंजिनाला काय कामाचे? तरीही भाग मिळतात. काही जुन्या साठ्यातले असतात, काही छोट्या कारखान्यांत नव्याने केलेले. प्रश्न मिळण्याचा नाही, बसण्याचा आहे. आणि 'बसणे' या साध्या शब्दात पुष्कळ पदार्थविज्ञान दडलेले आहे.

प्रथम बेअरिंग घेऊ. त्यावर कोरलेला क्रमांक पाहा, समजा ६२०५. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणा. २५ आले ना? हा आतल्या छिद्राचा व्यास, मिलिमीटरमध्ये. (शेवटचे अंक ०४ किंवा त्याहून मोठे असले की हा नियम चालतो.) ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ मि.मी. असतो. हे आकडे जगभर ठरलेले आहेत. त्यामुळे गाडीचा कारखाना बंद पडला तरी तिचे बेअरिंग धुळ्याच्या दुकानात मिळू शकते.

आता गंमत अशी, की इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीतले छिद्र मुद्दामच बेअरिंगपेक्षा दोन-तीन शतांश मि.मी.ने लहान ठेवतात. (माणसाचा केस साधारण सात शतांश मि.मी. जाडीचा असतो.) मग मोठी वस्तू लहान छिद्रात जायची कशी? घाईचा मेकॅनिक हातोडा उचलतो. आतल्या कड्यावर बसलेला घाव छर्ऱ्यांमधून बाहेरच्या कड्याकडे जातो, छर्ऱ्यांचे बारीक खड्डे धावपट्टीवर उमटतात आणि नवे बेअरिंग बसवतानाच निकामी होते.

शहाणा मेकॅनिक पेटी तापवतो. एक अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश २३ भागांनी वाढते, तर पोलाद सुमारे १२ भागांनी. खोलीचे तापमान ३०° असेल आणि पेटी ११०° पर्यंत तापवली, तर ५२ मि.मी.चे छिद्र किती वाढेल? ५२ × ०.०००००२३ असे मांडले असेल तर थांबा, एक शून्य जास्त झाले! ५२ × ०.००००२३ × ८० = सुमारे ०.०९६ मि.मी. थंड बेअरिंग आता हाताने ठेवले की 'टक्' आवाज करून आपोआप जागेवर बसते. तापमान पुरेसे झाले का, हे पाण्याच्या थेंबाने कळते. पेटीवर थेंब चर्रकन उडाला की १००° ओलांडले. (पेटीला पेट्रोल लागलेले नसावे आणि जाणता माणूस जवळ असावा. हे काम एकट्याने करायचे नाही.)

मग छिद्र आधीच सैल असते तर बरे नव्हते का? नव्हते, आणि कारण पुन्हा तेच. गाडी चालताना पेटी आणि बेअरिंग दोन्ही तापतात. तापमान ७०° ने वाढले तर ॲल्युमिनियम पोलादाहून ५२ × ०.००००११ × ७० = ०.०४ मि.मी. अधिक पसरते. म्हणजे थंडपणीची घट्ट पकड गरमपणी ढिली पडते. मुळातच सैल बसवलेल्या बेअरिंगचे बाहेरचे कडे पेटीत फिरू लागते आणि छिद्र खाऊन टाकते. बेअरिंग दुसरे आणता येईल, पण पेटी कुठली आणणार? तिचे दोन अर्धे एकत्र जोडून छिद्रे कोरलेली असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धा सहसा नीट जुळत नाही.

आता पिस्टन, म्हणजे दट्ट्या. जुन्या जावाचा सिलिंडर ६५ मि.मी. व्यासाचा आणि दट्ट्याची धाव ७५ मि.मी. वर्षानुवर्षे घासून सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. तो वरच्या बाजूला अधिक झिजतो आणि थोडा लंबगोल होतो. म्हणून तो लेथवाल्याकडे नेऊन मोठा कोरून घेतात आणि ०.२५, ०.५० असा वाढीव मापाचा दट्ट्या घालतात. यामुळे गाडी फार जोरात पळते अशी एक समजूत आहे. हिशेब करून पाहा: ६५ चे ६५.५ केले तर घनफळ २४८.९ वरून २५२.७ घ.सें.मी. होते. चारसुद्धा वाढले नाही!

खरे महत्त्व आहे दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीला. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा (प्रसरण दशलक्षांश २०), सिलिंडर बिडाचा (दशलक्षांश ११). दोघेही १००° ने तापले तर दट्ट्या ०.१३ मि.मी. फुगतो आणि सिलिंडर ०.०७ मि.मी. म्हणजे ०.०६ मि.मी. फट जागीच नाहीशी होते. प्रत्यक्षात दट्ट्या अधिक तापतो, म्हणून त्याचा माथा मुळातच थोडा निमुळता करतात. नव्या दट्ट्याबरोबर जी फट सांगितलेली असते तीच ठेवली पाहिजे. ती कमी पडली तर दट्ट्या धावत्या गाडीत अडकतो, मागचे चाक जागच्या जागी जखडते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो.

इथे आपल्या खानदेशाचा उन्हाळा आडवा येतो. जगभर मापे २०° तापमानाला धरतात; हा संकेत १९३१ चा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२° वर असतो! पोलादी मायक्रोमीटर आणि बिडाचा सिलिंडर जवळजवळ सारखेच पसरतात, त्यामुळे तिथली चूक आपोआप मिटते. ॲल्युमिनियमच्या दट्ट्यात मात्र शतांशाहून थोडी अधिक चूक राहते. त्याहून घातक म्हणजे नुकताच कोरलेला गरम सिलिंडर लगेच मोजणे. तो खोलीपेक्षा ३०° ने अधिक तापलेला असेल, तर ६५ × ०.००००११ × ३० = ०.०२ मि.मी.ने मोठा दिसतो. थंड झाल्यावर तेवढीच फट कमी! म्हणून दट्ट्या, सिलिंडर आणि मापक एकाच सावलीत दोन तास ठेवावेत आणि मग मोजावे. गिऱ्हाईक दारात उभे असताना हे दोन तास काढणे लेथवाल्याला फार जड जाते, हे मान्य.

सीलविषयी थोडक्यात. दोन फेरांच्या इंजिनात पेटीही श्वास घेत असते. रबरी सील कडक झाला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि दट्ट्या भाजून निघतो. तीस वर्षे डबीत पडून असलेला 'ओरिजिनल' सील नवा दिसला तरी रबर म्हातारेच झालेले असते. माझे मत विचाराल तर आजचा साधा सील बरा.

शेवटी नट-बोल्ट. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे ५५ अंशांचे प्रमाण सुचवले. मूळ इंग्लिश असलेल्या जुन्या बुलेटमध्ये अनेक ठिकाणी इंची आटे आहेत. जावाची मापे मेट्रिक. पाव इंची बारीक आट्याच्या बोल्टवर इंचाला २६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत ०.९७७ मि.मी. अंतर. ६ मि.मी.च्या बोल्टवर ते १ मि.मी. असते. फरक इतका कमी, की मेट्रिक बोल्ट इंची छिद्रात सहज शिरतो आणि बसला असे वाटते. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी.! बोल्ट ०.३५ मि.मी.ने बारीक, आट्यांची फक्त टोके एकमेकांना धरतात आणि पाना जरा जोरात ओढला की ती सोलून निघतात.

हे तुम्ही शाळेत करून पाहू शकता. गॅरेजमधून असे दोन लांब बोल्ट मागून आणा आणि एकमेकांच्या आट्यांत आटे अडकवून उजेडासमोर धरा. एका टोकाला आटे जुळलेले दिसतील. वीस आटे पुढे गेलात की जवळजवळ अर्ध्या आट्याचा फरक पडून मधून उजेड दिसू लागेल.