मिस्टर इंडियाचं भाडं थकलंय!

अदृश्य व्हायचं घड्याळ मिळालं तर काय कराल? केबलवर ‘मिस्टर इंडिया’ बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीकडे शाळेत याची उत्तरं तयार असायची. गणिताचा तास बुडवायचा, फुकट आइस्क्रीम हाणायचं! आज विरार लोकलवाल्याला विचारा. तो म्हणेल, नको रे बाबा! अदृश्य माणसाच्या मांडीवर चौघं बसतील. त्यात लाल प्रकाशात तो दिसतोच. म्हणजे सिग्नल लागला की खेळ खल्लास.

परवा हा सिनेमा फोनवर पुन्हा पाहिला. जवळजवळ तीन तासांचा आहे, विरार-चर्चगेट अप-डाऊनमध्ये मस्त बसतो. 1987चा सिनेमा. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद. कॉम्प्युटर ग्राफिक्स नसताना पीटर परेरांनी केलेली कॅमेऱ्याची करामत आजही जाम भारी वाटते. बॉब ख्रिस्तोला हनुमानाच्या मूर्तीचा मार पडतो तेव्हा अख्ख्या डब्यात मी एकटीच खिदळत होते. अमरीश पुरींचा मोगॅम्बो? शंभरपैकी शंभर.

तांदळातले खडे

पण खरा धक्का वेगळाच होता. घड्याळ बराच वेळ येतच नाही! तोवर अरुण काय करतो? अनाथ पोरांचा सांभाळ, वाण्याची उधारी, थकलेलं भाडं. तांदळात खडे निघतात, पोरं उपाशी झोपतात. पैशांसाठी वरची खोली पत्रकार सीमाला भाड्याने द्यावी लागते. लहानपणी हा भाग बोअर व्हायचा. आता डिपॉझिट, ब्रोकरेज आणि अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कळल्यावर तोच सगळ्यात मोठा सस्पेन्स वाटतो. मोगॅम्बोलाही हवं असतं ते समुद्राकाठचं घरच. मुंबईत घर परवडत नाही म्हणून वसई-विरार गाठलेल्या माणसाला ‘घर खाली करा’ या धमकीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

टीनाचा सीन

मग गर्दीच्या ठिकाणी बॉम्ब फुटतात आणि छोटी टीना जाते. इथे मी सिनेमा थांबवला. 11 जुलै 2006च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा मी प्रायमरीत होते. फोन लागत नव्हते. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जिन्यात उभ्या राहून आपापल्या माणसाची वाट बघत होत्या. त्याआधी टीनासाठी मी रडायचे ते सिनेमा म्हणून. आता तसं रडता येत नाही.

एच. जी. वेल्सच्या 1897च्या कादंबरीतला अदृश्य माणूस लोकांवर दहशत बसवायला निघतो. आपला अरुण पोरांच्या पोटाची काळजी करतो. आणि मोगॅम्बोशी शेवटची हाणामारी? ती तो घड्याळाशिवाय, सगळ्यांना दिसत असताना करतो. लहानपणी हे लक्षातच आलं नव्हतं. पोरं सांभाळायचं काम तर तो पहिल्या रिळापासून घड्याळाशिवायच करत असतो!

तेव्हा या वीकेण्डला सिनेमा लावाच. फक्त पहिला तास फॉरवर्ड करू नका. खरी फायटिंग तिथेच आहे.