एक संगणक, दोन लिनक्स

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागातील उच्च न्यायालयाची इमारत १८९२ साली पूर्ण झाली. तिच्या घुमटावर १८९४ पासून १९७७ पर्यंत जहाजांना वाट दाखविणारा दीपही होता. एकाच वास्तूने दोन कामे करावीत, तसे एकाच संगणकास दोन कार्यप्रणालींचे घर होता येते. मात्र त्या एकाच वेळी नव्हे, तर आळीपाळीने चालतात.

न्यायालयासमोरच्या तंबू चेट्टी रस्त्यावर वकिलांच्या कचेऱ्या आहेत. अशा एखाद्या कचेरीत एकच संगणक आहे, असे समजू. देशातील जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणात उबुंटू ही लिनक्स प्रणाली स्वीकारण्यात आली; खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली. म्हणून कचेरीस उबुंटू हवी. भारतीय भाषांतील लेखनासाठी सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही हवी. ही २००७ साली प्रथम प्रसृत झाली. दोन्ही प्रणाली डेबियनच्या कुळातील असल्यामुळे त्यांचा शेजार सोपा जातो.

संगणक सुरू होताच ‘ग्रब’ नावाची छोटी आज्ञावली जागी होते, उपलब्ध प्रणालींची यादी दाखविते आणि निवडलेल्या प्रणालीचा गाभा स्मृतीत चढविते. ग्रब हा जणू घराचा द्वारपाल होय. दोन प्रणाली दोन द्वारपाल आणतात. त्यांपैकी एकालाच मुख्य नेमावे, हे या विषयाचे सार आहे.

प्रथम सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या तबकडीवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. नंतर तबकडीचे भाग पाडावेत: प्रारंभासाठी एक लहान सामाईक भाग, प्रत्येक प्रणालीस एकेक स्वतंत्र भाग आणि दस्तऐवजांसाठी एक सामाईक भाग. दुसरी प्रणाली बसविताना ‘संपूर्ण तबकडी पुसा’ हा पर्याय चुकूनही निवडू नये. भाग हाताने नेमून द्यावेत.

सामान्यतः शेवटी बसविलेल्या प्रणालीचा ग्रब मुख्य होतो. त्याच्या यादीत पहिली प्रणाली न दिसल्यास ती नष्ट झाली, असे मानू नये. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब इतर प्रणालींचा शोध आपण होऊन घेत नाही. त्याच्या नियमपत्रकात तशी अनुमती देऊन ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे यादी पूर्ण होते. दुसऱ्या प्रणालीचा गाभा बदलला की, मुख्य प्रणालीत येऊन हीच आज्ञा पुन्हा द्यावी. अन्यथा यादी जुनीच राहते.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. वापरणाऱ्याच्या व्यक्तिगत मांडणीचा कप्पा दोन्हींत वेगळा ठेवावा, कारण एकाच आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या परस्परांची मांडणी बिघडवितात. तसेच एक प्रणाली निद्रिस्त ठेवून दुसरी सुरू करू नये. निद्रिस्त प्रणालीच्या स्मृतीत दस्तऐवजांच्या भागाचे जुने चित्र असते. जागी होताच ती त्यावरून लिहू लागते आणि अशिलाचे मूळ दस्तऐवज नासतात. प्रणाली पुन्हा बसविता येते, दस्तऐवज नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी संगणक पूर्णपणे बंद करूनच प्रणाली बदलावी.