पेटीत दुमडलेली सात फुटांची वाट

लाउडस्पीकरचा पडदा पुढे जितका आवाज फेकतो, तितकाच मागेही. साध्या पेटीत तो मागचा आवाज भिंतींवर आपटून घुमत राहतो आणि खर्ज गढूळ करतो.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आर्थर बेली यांनी १९६५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्यावर सुरेख तोड मांडली. मागच्या आवाजाला लांब बोगदा द्यायचा आणि त्यात लांब धाग्यांची लोकर भरायची. मधले आणि उंच स्वर लोकरीतच विरतात. उरलेला खर्ज दुसऱ्या टोकाने बाहेर पडून पुढच्या आवाजाला बळ देतो. ही ट्रान्समिशन लाइन.

बोगद्याची लांबी हव्या त्या खर्जाच्या तरंगलांबीच्या पाव पट धरतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. म्हणजे ४० हर्ट्झची तरंगलांबी ८.६ मीटर आणि बोगदा २.१५ मीटर, सात फुटांचा! म्हणून तो पेटीत दुमडावा लागतो. घरी करणारे हौशी लोक १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ तक्ता कापून आतल्या आडभिंती सरसाने सांधतात. फट राहिली की खर्ज गेलाच.

खरी कसोटी लोकरीची. ती पिंजून, मोकळी करून भरावी लागते. जास्त दाबली तर खर्जही गुदमरतो, कमी पडली तर नको ते स्वर बाहेर डोकावतात. लोकरीला कसर लागते, म्हणून अनेकजण पॉलिएस्टर वापरतात.

ड्रायव्हरची, म्हणजे पडदा हलवणाऱ्या स्पीकरची, जागाही महत्त्वाची. बोगद्याच्या बंद टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर तो बसवला, तर बोगद्याच्या मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचा त्रासदायक अनुनाद बराच दबतो. एवढ्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना आधी करून पाहावाच.