लव्हाळा : परसदारी, पण बंधनात

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी वस्त्यांतून पुष्कळ घरी आता वडीलधारी मंडळीच उरली आहेत. मुले पुण्यास वा परदेशी. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जावे तर घर महिनाभर कुलूपबंद. अशांनी फुलझाडांची उस्तवार किती करावी? त्यांस आम्ही जे रोप सुचवीत आहो, त्याचे नाव ऐकून माळी कपाळावर हात मारील. ते म्हणजे लव्हाळा, आयुर्वेदातील मुस्ता.

माळ्याचा राग अनाठायी नाही. होल्म प्रभृतींच्या १९७७ सालच्या ग्रंथात जगातील दुष्ट तणांमध्ये यालाच अग्रस्थान मिळाले. दिसावयास गवत, पण गवत नव्हे. दांडा बोटांत फिरविला की तीन कडा जाणवतात. बी क्वचितच रुजते, सारा विस्तार भूमिगत गाठींच्या साखळीतून. खुरप्याने साखळी तोडावी, तर सुटी झालेली गाठ नवा संसार थाटते! कोंब असा टोकदार की प्लॅस्टिकचा कागदही भेदतो. म्हणून वाफ्यात हा कदापि लावू नये.

मात्र हाच चिवटपणा सिमेंटच्या कुंडात उपयोगी पडतो. कुंड फूटभर खोल असावे आणि मातीवर न टेकता फरशीवर ठेवावे, नाहीतर तळाच्या छिद्रांतून स्वारी बाहेर पडते. जागा उन्हाची हवी. सावलीत हा खुरटतो. चार-पाच गाठी दोन बोटे खोल पुराव्या. खत नको, फवारणी नको, मोरीजवळची ओल याला मानवते. पाण्याचा खंड पडला तर पाती वाळतात, गाठी मातीत स्वस्थ राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात.

आश्विनात कुंड उपसावे. गाठी धुऊन, वरचे तंतू जाळून किंवा चोळून काढावे, कडक उन्हात वाळवून कुटावे. दिवाळीच्या उटण्यातला तो सुगंध घरचाच होतो. बाजारातला नागरमोथा पुष्कळदा याच्या भावंड-जातीचा असतो, वासाला तोही वाईट नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवितो, तेव्हा डबक्याकाठी रानडुकरांना निर्धास्तपणे उकरावयास मिळतो तो हाच मोथा. त्यांच्या नाकाची पारख उत्तम होती, असे आम्हांस वाटते.

मूठभर गाठी कुंडात परत घालाव्या. उरलेला गाळ मात्र खतखड्ड्यात किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाशी टाकू नये. पातळ पसरून, उन्हात पूर्ण करकरीत वाळल्यावरच त्याची विल्हेवाट लावावी.