आधी ऑडिशनची यादी वाचा, मग रँकिंग बघा

नेहमीसारखंच, या भागात जे बोललो ते थोडं नीट करून इथे लिहितोय. हा विषय घरच्यांना दाखवायला लागणार आहे, त्यामुळे लिहिलेलं हाताशी असलेलं बरं.

प्रश्न असा: संगीत आणि अभिनय शिकायला परदेशात जायचंय, तर विद्यापीठ निवडायचं कसं? मी सॉफ्टवेअरवाला. तुम्ही म्हणाल, तुझा काय संबंध? संबंध एवढाच की यातली एक मोठी चूक मी स्वतः करून बसलोय.

माझी मामेबहीण दीपनगरला राहते. मामा पॉवर स्टेशनमध्ये आहेत. लहानपणापासून गाणं शिकतेय, गांधर्वची मध्यमा पूर्ण झालीय, शाळेत बालनाट्य, कॉलेजात एकांकिका. बारावीला असताना म्हणाली, "दादा, मला गाणं आणि नाटक दोन्ही शिकायचंय, आणि बाहेर जाऊन शिकायचंय." मामा मला म्हणाले, "तूच बघ बाबा, तू इंजिनिअर आहेस."

मग मी इंजिनिअरसारखंच बघितलं. कॅप राउंडला आपण काय करतो? कॉलेजची क्रमवारी, कटऑफ, फी, प्लेसमेंट. एक्सेल शीट केलं, रँकनुसार लावलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या एका ठिकाणी अर्ज भरून टाकला. फी भरली. मग व्हिडिओ ऑडिशनची यादी उघडली. दोन वेगवेगळ्या ढंगाची इंग्रजी म्युझिकल थिएटरची गाणी, एक इंग्रजी स्वगत आणि नाचाचा व्हिडिओ. हातात बारा दिवस. पोरीने आयुष्यात असं एक गाणं म्हटलेलं नव्हतं. तरी रात्री जागून व्हिडिओ केले. नकार आला. ती आठवडाभर तानपुऱ्याकडे फिरकली नाही. चूक तिची नव्हती, माझ्या शीटची होती.

त्यातून शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, ऑडिशनची यादी हाच खरा अभ्यासक्रम. पहिल्या दिवशी तुमच्याकडून काय येणं अपेक्षित आहे, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. इंग्लंडमधल्या अभिनयाच्या शाळा सहसा एक शेक्सपिअरच्या काळातला आणि एक आधुनिक उतारा मागतात. लंडनच्या राडामध्ये अभिनयाच्या पदवीला वर्षाला जेमतेम २८ जागा असतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताला गेलात तर स्टाफ नोटेशन समोर ठेवतात आणि बघून वाजवा-गा म्हणतात. यादीतलं निम्मं तुम्हाला आज येत असेल तर अर्ज करा. काहीच येत नसेल तर आधी वर्षभर तयारी, मग अर्ज.

दुसरी, "दोन्ही" म्हणजे नक्की काय ते ठरवा. संगीत आणि नाटक एकाच छताखाली शिकवणाऱ्या संस्था आहेत: लंडनची गिल्डहॉल, कार्डिफचं रॉयल वेल्श कॉलेज, ग्लासगोची रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंड, न्यूयॉर्कची जुलिअर्ड. पण छप्पर एक असलं तरी विभाग वेगळे असतात. प्रवेश एकाच विभागात मिळतो, गायनाला किंवा अभिनयाला. दोन्ही एकत्र हवं तर "म्युझिकल थिएटर" हा तिसराच अभ्यासक्रम असतो, आणि त्यात नाचही आला. आपलं संगीत नाटक डोक्यात ठेवून तिकडे गेलात तर फसाल. आणि शिकायचं हिंदुस्थानी संगीतच असेल, तर नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या कोडार्ट्सचं नाव माहीत असू द्या. तिथल्या भारतीय संगीत विभागाची धुरा पंडित हरिप्रसाद चौरसियांनी कित्येक वर्षं सांभाळली.

तिसरी, तारखा. ब्रिटनमध्ये अनेक कॉन्झर्व्हेटॉयरच्या संगीताच्या अर्जांची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे सप्टेंबरचं कॉलेज सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी. बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणालात, तर ते वर्ष गेलंच.

चौथी, भाषा. जर्मनीत सरकारी संगीत संस्थांची फी खूप कमी असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, तेही इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने किरकोळच. पण खर्चासाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम वेगळी. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती वर्षाला ११,९०४ युरो झाली. वाद्य वाजवायला कामचलाऊ जर्मन पुरेल. अभिनयाला मात्र त्या भाषेत रडता आणि भांडता आलं पाहिजे.

पाचवी, आणि इथे पालकांनी जरा कान द्या. कर्ज. आमच्या क्षेत्रातली पोरं अमेरिकेत एमएस करतात, त्यांचं गणित शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर उभं असतं: १२ महिने आणि स्टेम विषय म्हणून वर २४. अभिनय आणि गायन स्टेममध्ये बसत नाहीत. तिथे १२ महिने संपले की संपले. ब्रिटनमध्ये तर विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायलाच बंदी आहे. अभ्यासक्रमाचा भाग असलेला अनुभव वेगळा, पण शनिवारी हॉटेलात गाऊन हप्ता भरू, असं ज्याच्या मनात असेल त्याने ते काढून टाकावं. "शिकता शिकता कमावेल" हे वाक्य मामांनी मला तीनदा ऐकवलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

सहावी गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती. गंमत अशी की रँकिंग बघू नका म्हणतोय, पण इथे ते बघावंच लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पदव्युत्तर आणि पीएचडीला मिळते आणि त्यात क्यूएसच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. ती क्रमवारी संपूर्ण विद्यापीठांची असते. फक्त संगीत-नाट्य शिकवणाऱ्या संस्था त्यात सहसा नसतात. त्यामुळे जगातली उत्तम नाट्यशाळा अटीत बसत नाही आणि नाट्यविभाग असलेलं मोठं विद्यापीठ बसू शकतं. अर्जाआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: आत्ताच जायचं का? इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मले, १९४७ च्या सुमारास लंडनला जाऊन राडामध्ये शिकले, परत आले आणि १९६२ ते १९७७ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक राहिले. त्यांच्या हाताखाली तिथेच शिकलेल्या रोहिणी हट्टंगडींना १९८२ च्या 'गांधी'मधल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. म्हणजे लंडनचं शिक्षण दिल्लीत बसूनही मिळालं, कारण शिकवणारा माणूस तिथे होता. अभ्यासक्रमाच्या पानावर इमारतीचे फोटो बघण्यापेक्षा शिकवणाऱ्यांची नावं वाचा आणि त्यांचं काम शोधून बघा.

बहिणीचं काय झालं? या वेळी यादी तिने स्वतः केली. पहिलं नाव पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, कारण तिथे गाणं, नाच आणि नाटक तिन्ही आहे, आणि तिथे जे मागतात त्यातलं बरंचसं तिला आज येतं. दुसरं बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, भुसावळहून रेल्वेने एका रात्रीत पोचता येईल असं. परदेश तिने पदव्युत्तरसाठी ठेवलाय. तोपर्यंत स्टाफ नोटेशन शिकतेय, ऑनलाइन, आठवड्यातून दोनदा.

मामांना अजून पूर्ण पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "एवढं शिकून नोकरी कुठे लागते?" मी म्हटलं, मामा, प्लेसमेंटचा आकडा मला सांगता येणार नाही. पण या वेळी ती जिथे उभी राहणार आहे, तिथे तिला येणारं गाणं मागणार आहेत.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्यांच्यासोबत बसा आणि एका संस्थेची ऑडिशनची यादी मोठ्याने वाचून काढा. चला, भेटू पुढच्या भागात.