नव्या खाऱ्या टाकीतील तपकिरी थर

गिरगाव चौपाटीजवळ १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि असंख्य मुंबईकरांना समुद्री मासे काचेआड पाहायला मिळाले. घरी मात्र खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, की थोड्याच आठवड्यांत काचेवर व वाळूवर तपकिरी थर चढतो. तो येतो कोठून?

हा थर बहुधा डायाटम या सूक्ष्म शैवालांचा असतो. त्यांचे कवच सिलिकेचे. ती त्यांना पाण्यातून मिळते. मागाहून हिरवे शैवाल येते. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्याचे नायट्रेट. हे नायट्रेट म्हणजे शैवालाचे खतच! जीवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधीच टाकी माशांनी भरली, तर मासे दगावतात.

म्हणून घाई करू नये. काच पुसावी, दिवा रोज सुमारे ८ तासच लावावा, खाद्य बेताने घालावे आणि अधूनमधून थोडे पाणी बदलावे. औषधाने शैवाल मारले, तर ते कुजून पुन्हा अमोनियाच होतो.

ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांतील डबकी पाहा. तेथेही शैवाल असते. गोगलगाई ते खरवडून खातात. समुद्र शैवाल नाहीसे करीत नाही, आटोक्यात ठेवतो. आपणही तेच करायचे.